अकरा जणींचा इको

मंगळवारी बरोबर बाराला लाईट आली, तशी शगुफ्तानं ‘बिस्मिल्ला’ म्हणून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. भारनियमनाचं कोष्टक तिनं भिंतीवर चिकटवून ठेवलं होतं. बारा ते पाच वीज, मग पुन्हा ठणठणाट. गाणाऱ्या बाईंची वेल्ह्याकडे जाणारी एसटी साडेपाचची. म्हणजे हातात पाच तास, आणि गाणं एकच. एका गाण्याला पाच तास म्हणजे चैन आहे, असं तिला वाटलं. कॉम्प्युटरवर पोट असणाऱ्या माणसानं असं काही वाटून घेऊ नये, पण ती अजून चोवीस वर्षांचीच होती.

भोरच्या बाजारपेठेत तिच्या अब्बांचा, नजीरभाईंचा, फोटो स्टुडिओ होता. मागच्या डार्करूममध्ये फिल्म धुतली जायची. डिजिटल कॅमेरे आले आणि ती खोली ओस पडली. शगुफ्तानं ती मागून घेतली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक बरा माइक आणला आणि २००४च्या दिवाळीत बाहेर पाटी लावली, ‘येथे गाणी रेकॉर्ड करून मिळतील’. त्यासाठी तिनं पुण्याला रोज जाऊन-येऊन पंधरा दिवसांचा कोर्स केला होता. खरं तर चौदाच दिवसांचा, कारण एक दिवस एसटी कात्रजच्या घाटात बंद पडली आणि त्या दिवशीचा धडा घाटातच राहिला. एका धड्यानं काय अडतंय, असं म्हणून तिनं तो सोडून दिला होता.

पाटी लागून वर्ष होत आलं. तेवढ्या काळात दोन उमेदवारांचा प्रचार आणि एका क्लासची जाहिरात एवढंच काम झालं होतं. मग सगुणाबाई आल्या.

सगुणाबाई वेल्ह्याच्या पुढच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या वाडीतल्या. तिथल्या बायकांच्या भजनी मंडळाच्या त्या म्होरक्या. कडवं त्या एकट्या म्हणायच्या आणि बाकीच्या अकरा जणी मागून ध्रुपद ओढायच्या. गाणी त्यांची स्वतःची. गडावरच्या मेंगाईदेवीवरची, नदीवरची, नांदायला गेलेल्या पोरींवरची. एकही कागदावर नाही, कारण सगुणाबाईंना लिहिता येत नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाला लिहून घ्यायचं सुचलं नाही, कारण सगुणाबाई होत्याच की.

आता त्यांच्या गळ्यात गाठ झाली होती. लिंबाएवढी, पदराआड झाकली तरी दिसणारी. बुधवारी पुण्याच्या इस्पितळात दाखल व्हायचं होतं आणि गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं की गाठ काढावीच लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाची नस तिला चिकटून जाते. आवाज राहील, किंवा बदलेल, किंवा जाईलही.

“मरायचं भ्या न्हाई बग पोरी,” पहिल्या दिवशी त्या शगुफ्ताला म्हणाल्या होत्या. “मुकं व्हायचं हाय. माजं एक गानं तरी धरून ठिव. मेंगाईचं. त्ये लई मोठं हाय, त्ये कुनालाच पुरं येत न्हाई.”

रविवारी सगळं मंडळ टेम्पोनं आलं. शगुफ्ताच्या मनात होतं की आधी सगुणाबाईंचा आवाज घ्यावा, बाकीचं नंतर. कोणताही रेकॉर्डिंगवाला हेच करील. पण सगुणाबाईंनी ऐकलं नाही.

“आदी माज्या पोरींचं घे. मी मागनं.”

“मावशी, गाणं तुमचं आहे. तुमचा आवाज आधी हवा.”

“वाढनारीनं आदी जेवायचं असतंय व्हय?” सगुणाबाई म्हणाल्या. ज्यांना त्या पोरी म्हणायच्या, त्यांतल्या निम्म्या आज्या झालेल्या होत्या, पण पंगतीचा नियम म्हणजे नियम.

म्हणून आधी पेटी आणि पखवाज झाला. मग खोलीत एकेक बाई येऊन ध्रुपद म्हणून गेली. सगुणाबाई कोपऱ्यात उभ्या राहून हातानं ठेका द्यायच्या आणि कडव्याच्या जागी बोटं मोजत गप्प राहायच्या. प्रत्येकीचा आवाज पडद्यावर वेगळ्या ओळीत उतरला. अशा अकरा ओळी. एकीचा चढला तर खाली घेता येईल, एकीचा दबला तर उचलता येईल. शगुफ्ताला तिच्या कामाचा मोठा अभिमान वाटला.

इथवर ठीक होतं. पण पेटी वाजवणाऱ्या ठकुबाईचा आवाज ऐकताना शगुफ्तानं गंमत म्हणून त्यावर इको लावून दाखवला. ठकुबाई देवळात गायल्यासारखी घुमायला लागली आणि खोलीत एकदम गलका झाला.

“ठकीला घुमावलं, मग आमाला का न्हाई?”

“प्रसाद काय एकीलाच देत्यात?”

आता गावच्या बायकांना प्रसाद वाटताना कुणाच्या हातावर शेंगदाण्याचा एक दाणा जास्त पडला तर काय होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. शगुफ्तानं मुकाट्यानं अकरा जणींना अकरा इको लावले, अगदी मापून, सारखे. सगळ्या जणी खूश होऊन टेम्पोत बसल्या.

आणि आज मंगळवार. सगुणाबाई सोबतीला फक्त ठकुबाईला घेऊन आल्या होत्या. त्यांनी हेडफोन डोक्यावरच्या पदरावरूनच चढवला, डोळे मिटले. शगुफ्तानं रेकॉर्डिंग सुरू केलं. पेटी, पखवाज, मग अकरा जणींचं ध्रुपद घुमलं, ते विरता विरता सगुणाबाईंनी पहिलं कडवं उचललं. आवाज जरा जड होता, पण काय सूर होता! पहिलं कडवं गेलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर हेडफोनमध्ये तडतड झाली, पखवाज अडखळला आणि सगळं ठप्प. पडद्यावर एक चौकट आली होती. प्रोसेसर ओव्हरलोड.

“काय झालं?” सगुणाबाईंनी डोळे उघडले.

“काही नाही मावशी. मशीन जरा दमलं.”

“दमू दे. म्या बी दमले.”

शगुफ्तानं पहिला उपाय केला, जो सगळेच करतात. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग अँटीव्हायरस बंद केला, पडद्यावर पोहणारे मासे बंद केले, अब्बांचे लग्नाचे फोटो उघडे होते ते मिटवले. पुन्हा रेकॉर्डिंग. या वेळी गाडी दुसऱ्या कडव्याच्या शेवटापर्यंत गेली आणि तिथं पुन्हा तीच चौकट. सगुणाबाईंनी गळ्याला हात लावला. गाठीच्या वरच्या बाजूला शिरा तटतटल्या होत्या. ठकुबाईनं पिशवीतून तांब्या काढून कोमट पाणी दिलं.

शगुफ्तानं कॉम्प्युटर बंद केला. तिनं त्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. शेजारी पिठाची गिरणी होती. तिच्या पिठानं आतला पंखा इतका माखला होता की पात्यांवर भाकरी थापता आली असती.

“अब्बा, ब्रश!”

नजीरभाई लेन्स पुसायचा ब्रश आणि हवा मारायचा रबरी फुगा घेऊन आत आले. बापलेकीनं पंखा साफ केला, कोपरेकोपरे झाडले. नजीरभाईंची मिशी पांढरी झाली. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण लेकीचा चेहरा वाचता येत होता.

“सुटेल गं,” ते हळूच म्हणाले. “आवाज आहे तोवर वेळ आहे.”

“अब्बा, वेळच तर नाही,” ती म्हणाली.

पंख्यानं फरक पडला. पण तिसऱ्या खेपेला तिसऱ्या कडव्यात तीच चौकट. कडवी होती सात.

मग शगुफ्तानं कोर्समधली वही काढली. एकेका वेळी मशीननं किती आवाज हातात घेऊन काम करायचं, तो आकडा वाढवायचा असतो, म्हणजे त्याला दम खायला वेळ मिळतो. तिनं तो वाढवला. मशीनला बरं वाटलं, पण सगुणाबाईंना नाही. त्यांचा स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा येऊ लागला. दोन ओळी म्हणून त्यांनी हेडफोन खाली ओढला.

“ह्यात कोन बाई माज्या मागं मागं वरडतीया? मला वेडावतीया जनू.”

ठकुबाई पदर तोंडाला लावून हसली. शगुफ्तालाही हसू आलं असतं, पण घड्याळात तीन वाजून गेले होते.

आता एकच उरलं होतं. अकराच्या अकरा इको बंद करायचे, रेकॉर्डिंग उरकायचं, मग पुढचं पुढं. खरं तर हे तिला आधीच सुचायला हवं होतं. तिनं पटापट अकरा बटणं बंद केली. मशीन सुतासारखं सरळ चाललं. पेटी, पखवाज, ध्रुपद. आणि कडव्याच्या जागी सगुणाबाई गप्प. नुसत्याच उभ्या राहिल्या.

“मावशी, म्हणा ना!”

“कशावर म्हनू?” त्या म्हणाल्या. “पोरी मुकाट झाल्या, मग मागं काय बी न्हाई. सगळं कोरडं.”

“पण सूर तर पेटी देते आहे की.”

“पेटी न्हाई गं देत.” सगुणाबाईंच्या आवाजात पहिल्यांदाच रडवेपणा आला. “आमचं देऊळ दगडी हाय. पोरी गप झाल्या तरी त्यांचं देवळात फिरत ऱ्हातंय. त्ये निवता निवता मी त्याच्यातनंच उचलते. चाळीस वरसं आशीच उचलते. कोरड्यावरनं उचलायला मला येतच न्हाई.”

शगुफ्तानं आपला हेडफोन काढून ठेवला. तिला आत्तापर्यंत वाटत होतं की इको म्हणजे वरून घातलेली कोथिंबीर. ही बाई तर त्याच्यावर उभी राहून गात होती. इको ठेवावा तर मशीन मरतंय आणि काढावा तर गाणं मरतंय. तिला रडू यायला लागलं आणि ते तिनं लपवलंही नाही. उद्या ही बाई पुण्याला जाणार. अकरा जणी ध्रुपद म्हणत राहणार, आणि त्यांनी कुणाला साथ द्यायची ती जागा रिकामीच राहणार. ते रिकामं गाणं आपल्या कॉम्प्युटरमध्ये जन्मभर पडून राहील, असं तिच्या डोळ्यांसमोर आलं.

सगुणाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. ज्या बाईचा गळा परवा चाकूखाली जाणार होता, ती शगुफ्ताच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“रडू नगंस. मला सांग, ह्याला काय हुतंय? बैलाला काय झालंय त्ये कळल्याबिगार औत कसं चालंल?”

शगुफ्तानं डोळे पुसले आणि सांगायला लागली. सांगितल्यानं काही होईल म्हणून नाही, गप्प बसवेना म्हणून. “हे बघा, ही एकेक ओळ म्हणजे एकेक बाई. त्या नुसत्या गातात तेव्हा याला काही जड जात नाही. पण इको म्हणजे याला हिशोब करावा लागतो, की ही बाई एका मोठ्या देवळात उभी आहे, तिचा आवाज या भिंतीवर आपटला, त्या छतावर आपटला, परत आला. क्षणाक्षणाला. मग दुसरी बाई, तिचं देऊळ. तिसरीचं देऊळ. अकरा देवळं हे एकाच वेळी बांधतंय आणि त्यात दमतंय.”

सगुणाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग ठकुबाईकडे पाहिलं. मग पुन्हा शगुफ्ताकडे.

“अकरा देवळं कशाला?”

“म्हणजे?”

“आमी समद्या एकाच देवळात बसतो की. माजं येगळं, ठकीचं येगळं आसं देऊळ असतंय का कुठं? एक देऊळ बांद आन समद्यांना आत घाल.”

शगुफ्ता पडद्याकडे वळली. एक इको. एका ओळीवर एकच. आणि अकराही जणींचा थोडा थोडा आवाज त्या ओळीकडे पाठवायचा. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीच्या पोटात ‘सेंड’, म्हणजे ‘पाठवा’, असं एक बारीक बटण होतं. ते कशासाठी असतं हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. कात्रजच्या घाटात राहिलेला धडा हाच होता, हे तिला आत्ता कळलं.

“ठकुबाई,” ती घाईघाईनं म्हणाली, “सगळ्यांना मिळून एकच इको. चालेल ना? पुन्हा भांडाल.”

ठकुबाईनं विचार केला. मंडळाच्या वतीनं बोलायचं म्हणजे जबाबदारीच होती. “समदा आवाज एकाच देवळात, म्हंजी समान वाटनी,” ती म्हणाली. “भांडनाचं काय कारन?”

शगुफ्तानं अकरा इको काढून टाकले. रिकामी ओळ उघडली, तिच्यावर एक इको बसवला आणि एकेक बाईला आत पाठवलं. पहिली फुलाबाई, मग ठकुबाई, मग बाकीच्या. शेवटी पेटीलाही थोडं आत घेतलं, कारण पेटी काही देवळाच्या बाहेर वाजत नाही. वाजवून पाहिलं. मशीन किती दमलंय ते दाखवणारी हिरवी पट्टी मघाशी लाल होऊन टोकाला टेकायची, ती आता निम्म्याच्याही खाली डुलत होती. आणि आवाज? मघाशी अकरा जणी अकरा देवळांतून गायल्यासारख्या विस्कटून येत होत्या. आता त्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

“हां,” सगुणाबाई म्हणाल्या. “ह्ये आमचं.”

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी कोमट पाणी घेतलं. “आता एकदाच गाईन,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा गळ्यात न्हाई.”

शगुफ्तानं आकडा पुन्हा खाली आणला, म्हणजे मागून ओरडणारी बाई गेली. नजीरभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गिरणीवाल्याला हात जोडून दहा मिनिटं गिरणी बंद ठेवायला लावली. शगुफ्तानं बटण दाबलं आणि हात मांडीवर घट्ट धरून बसली.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मघाशी अडलेलं तिसरंही गेलं. प्रत्येक ध्रुपदानंतर अकरा जणींचा आवाज विरत जायचा, आणि तो संपतोय असं वाटावं तेवढ्यात सगुणाबाई त्यातून उचलायच्या, कुठं जोड दिसायचा नाही. पाचव्या कडव्यात त्यांचा आवाज फाटला. पण त्या थांबल्या नाहीत. तो फाटलेला आवाज तसाच घेऊन त्या वर गेल्या, आणि मेंगाईला गाऱ्हाणं घालायचं ते कडवं होतं, तिथं तो फाटलेलाच बरा वाटला. सहावं. सातवं. शेवटचं ध्रुपद संपलं आणि देवळात फिरत राहिलं. ते पूर्ण निवेपर्यंत शगुफ्तानं बटणाला हात लावला नाही.

मग तिनं वाजवून दाखवलं. सगुणाबाईंनी स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. त्या शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसल्या, दुसऱ्या गावच्या गाणारणीला ऐकतात तशा.

“बरी गाती बाई,” शेवटी त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले. पाचला पाच कमी असताना शगुफ्तानं त्यांच्या हातात सीडी ठेवली.

गुरुवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधी निघाली. ठकुबाईनं वेल्ह्याच्या एसटीडी बूथवरून कळवलं की सगुणाआक्का घरी आल्या, जेवतात, चालतात. पण बोलत नाहीत. नुसतं कुजबुजतात. महिना गेला. शगुफ्ता रोज कुणाला तरी विचारायची, आणि रोज तेच उत्तर यायचं. वाडीत लाईट असेल त्या संध्याकाळी मंडळ सीडी लावून बसायचं, सीडीतल्या सगुणाबाई कडवं म्हणायच्या आणि जित्या सगुणाबाई मांडीवर ठेका धरायच्या. हे ऐकून शगुफ्ताला बरंही वाटायचं आणि वाईटही.

दोन महिन्यांनी दुपारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे कुणीतरी घोगरं, खालच्या पट्टीत बोललं. तिला वाटलं एखादे आजोबा पासपोर्ट फोटोचं विचारतायत.

“कोण बोलतंय?”

“मी सगुणा.”

शगुफ्ता उभी राहिली. “मावशी! तुमचा आवाज...”

“जाड झालाय. म्हशीवानी. वरचं आता जमत न्हाई.” मग त्या म्हणाल्या, “पर खालनं जातंय बग. ऐक.”

आणि त्या फोनमध्येच गायला लागल्या. मेंगाईचं नव्हतं ते. नवं होतं काहीतरी, शगुफ्तानं कधी न ऐकलेलं, जमिनीलगत चालणारं, त्या घोगऱ्या आवाजाच्या मापाचं. सूर एकदाही हलला नाही. दोन कडवी झाली आणि एसटीडीवाल्याचं मशीन टिकटिक करायला लागलं.

“ह्ये कुनाला म्हाईत न्हाई अजून,” सगुणाबाई घाईनं म्हणाल्या. “सोमवारी पोरींना घेऊन येते. लाईट कवा असती तुमच्यात?”